गाडी सरळ का थांबेना

“गेली! परत गेली बघा, मामा!”

गार्गीनं दुर्बीण डोळ्यांवरून काढून माझ्या हातात कोंबली. मला दुर्बिणीची गरज नव्हती. आमची पिवळी गाडी लांबलचक सरळ पट्टी कापत सुसाट आली, वळणाच्या तोंडाशी ब्रेक लागला, आणि डबक्यात शिरणाऱ्या म्हशीसारखं तिनं मागचं बूड एकदा डावीकडं टाकलं, एकदा उजवीकडं. धैर्यशीलनं सावरली. पण सावरण्यात सगळा वेग गेला आणि मागून आलेल्या दोन गाड्या त्याला ओलांडून निघून गेल्या.

“परवा पॅड बदलले,” गार्गी म्हणाली.

“बदलले.”

“काल डिस्क.”

“डिस्कही.”

“मग आता काय बदलायचं राहिलंय?”

“माझं नशीब,” मी म्हणालो.

ही गोष्ट माझे केस काळे होते तेव्हाची. कोल्हापुरात उद्यमनगराच्या मागच्या गल्लीत माझं गॅरेज. शहरापासून थोडं बाहेर, खडकेवाडीच्या माळावर, कुणीतरी हौसेनं शर्यतीचा रस्ता बांधला होता आणि दरसाल तिथं मोटारींच्या शर्यती व्हायच्या. फाउंड्रीवाले अण्णासाहेब मगदूम यांना त्या वर्षी शर्यतीचं वेड लागलं. गाडी त्यांनी घेतली, ती तयार करायचं काम मला दिलं, आणि हिशेबानं, शास्त्रानं सगळं व्हावं म्हणून नाशिकहून गार्गी उपळेकर नावाची इंजिनिअर मुलगी आणली. ड्रायव्हर म्हणून मी माझ्या बहिणीचा मुलगा पुढं केला. धैर्यशील चौगुले. वय सव्वीस, मन लोण्याचं आणि उजवा पाय शिशाचा. “अण्णा, पोरगा माझ्या शब्दावर घ्या,” असं मी म्हटलं होतं. तो शब्दच आता त्या वळणावर गटांगळ्या खात होता.

गाडीचं दुखणं समजायला सोपं होतं. ब्रेक जोरात मारला की गाडीचं सगळं वजन पुढच्या चाकांवर येतं आणि मागचं बूड हलकं होतं. हलकं झालेलं बूड जरा कारण मिळालं की नाचायला लागतं. सप्ताहात मृदंग चढत चढत जातो, टाळ टिपेला पोचतात, आणि बुवांनी एक हात वर केला की एका थापेवर सगळं थांबतं. वीस टाळकरी असले तरी एकाचाही टाळ पुढं सांडत नाही. गाडी अशी थांबायला हवी. आमची गाडी थांबताना निम्मे टाळकरी मंडपाबाहेर जात होते.

मी हा दृष्टांत गार्गीला सांगितला तेव्हा ती म्हणाली, “मामा, मला टाळकरी नकोत, कारण हवंय.”

“बाकीच्या वळणांवर का नाही सरकत?” तिनं धैर्यशीलला विचारलं.

“तिथं ब्रेक एवढा लागतच न्हाई, मॅडम. हितं पट्टी लांब. टेकडीवरचा पांढरा घुमट दिसला की मी ब्रेकवर उभाच राहतो.”

“घुमट का? तिकडे पाट्या लावल्या आहेत ना अंतराच्या?”

“पाट्या काय आज हाईत, उद्या न्हाईत. घुमट हलत न्हाई.”

हे तिला पटलं. मलाही पटलं. ब्रेक मारायची खूण ठरलेली असावी, हे तर बरोबरच होतं.

त्या दुपारी मागच्या चाकांचा ब्रेक थोडा कमी केला. पुढच्या स्प्रिंगा कडक केल्या. मागची चाकं आतल्या बाजूला किंचित वळवली. ब्रेकच्या नळ्यांतली हवा दोनदा काढली. गाडी परत तिथंच, तशीच सरकली.

मग मी केलं ते काम, ज्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा होता. हेल्मेट चढवलं आणि म्हणालो, “ऊठ. मी चालवून बघतो.”

धैर्यशील उतरला. मी काही शर्यतीतला माणूस नाही, पण जन्म गाड्यांत गेला. गाडी बोलते, आणि मला तिचं ऐकू येतं, असा माझा तेव्हा समज होता. पट्टीवर दामटली, घुमट दिसला, ब्रेक मारला, आणि माझ्या बुडाखालून गाडी सरकली! पार गवताला चाकं लागली. मी घामाघूम होऊन परत आलो.

“पोराचा दोष नाही,” मी छातीठोकपणे सांगितलं. “मी स्वतः बघितलं. दोष गाडीत आहे.”

धैर्यशीलच्या डोळ्यांत पाणी आलं. गार्गी कागदावर काहीतरी खरडत राहिली. ती म्हणाली नाही, पण तिला झोप लागत नसणार हे दिसत होतं.

शनिवारी सकाळी अण्णासाहेब आले. पांढरी विजार, पांढरा शर्ट, आणि सोबत पुण्याचा एक उंच, शांत, च्युइंगगम चघळणारा मुलगा.

“हा वेदांत,” अण्णा म्हणाले. “परशराम, मी भांडायला आलो नाही. उद्या दुपारी शर्यतीआधी गाड्या गरम करायला चार फेऱ्या देतात. त्यात आपली गाडी त्या वळणावर सरळ थांबली, तर धैर्यशील बसेल. नाही थांबली, तर वेदांत.”

“पण गाडीच सरकते, अण्णा! कोणीही बसला तरी सरकणार.”

“मग वेदांतबरोबर सरकू दे,” अण्णा म्हणाले. “निदान घरचं पोरगं घसरलं ही लाज तरी वाटणार नाही.”

वेदांतनं नम्रपणे मान हलवली आणि सावलीत खुर्ची टाकून बसला. असा सज्जन शत्रू फार अवघड असतो. रागही धरता येत नाही.

ते चालते झाले तशी गार्गी उठली. “मामा, शेजारची सीट बसवा. मी आत बसते.”

“पोरी, आत काही नाही बघण्यासारखं.”

“बाहेरून सगळं बघून झालंय.”

शर्यतीच्या गाडीत शेजारची सीट काढून टाकलेली असते. ती बसवली, पट्टे आवळले. गार्गी धैर्यशीलच्या शेजारी बसून दोन फेऱ्या मारून आली. उतरली. हेल्मेट काढलं. घामानं केस चिकटलेले. एक अख्खी बाटली पाणी प्यायली आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की जणू मी तिची गाय चोरली असावी.

“आता तुम्ही चालवा, मामा.”

“मी?”

“तुम्हीच.”

मी चालवली. ती शेजारी. पट्टी, घुमट, ब्रेक, आणि परत तीच म्हैस, तेच डबकं. गाडी आत आणून थांबवली तरी ती उतरेना.

“मामा, ब्रेक मारताना तुमचा डावा हात कुठं होता?”

“गिअरवर. खालचा गिअर टाकायला नको?”

“आणि उजवा?”

“स्टिअरिंगवर. दुसरीकडं कुठं असणार?”

“इथं होता.” तिनं स्वतःचा उजवा हात छातीला लावला, मग ओठांना. “नंतर इथं.”

“काहीतरीच!”

“धैर्यशील,” तिनं हाक मारली, “इकडे ये. ब्रेक मारताना तुझा उजवा हात कुठं असतो?”

“स्टिअरिंगवर, मॅडम.”

“नसतो. छातीला असतो. दोघांचाही. तो घुमट दिसला रे दिसला, की दोघंही नमस्कार करता!”

आम्ही मामा-भाच्यांनी आपापल्या उजव्या हाताकडं बघितलं. डोळ्यासमोर माशी आली की पापणी मिटते, तेव्हा ‘मी पापणी मिटवली’ असं कोणी सांगत नाही. तसं आमचं. माझ्या आईनं, म्हणजे धैर्यशीलच्या आजीनं, आम्हां सगळ्या पोरांना लावलेली शिस्त होती: बैलगाडीत असा, एसटीत असा, सायकलवर असा, देऊळ दिसलं की हात छातीला गेला पाहिजे. नाही गेला तर टाळक्यात टपली. माझ्या बहिणीनं तीच टपली पुढं चालवली. टेकडीवर सिद्धोबा. घुमट त्याचा. आम्ही कोण हात न लावणारे?

गार्गी बोटांवर मोजत बोलत होती. “डावा हात गिअरवर. उजवा छातीवर. पाय ब्रेकवर. गाडी एवढ्या वेगात, मागचं बूड हलकं. मग मला एक सांगा, त्या क्षणाला स्टिअरिंग असतं कोणाच्या हातात?”

धैर्यशीलनं अगदी मनापासून विचार केला.

“सिद्धोबाच्या,” तो म्हणाला.

गार्गी टायरच्या चळतीवर बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईतो हसली. मग तिला ते पॅड आठवले, त्या डिस्का आठवल्या, स्प्रिंगा आठवल्या, आणि ती एकदम हसायची थांबली.

“अण्णांना सांगू नका,” धैर्यशील हळूच म्हणाला. “ते म्हणतील, दोष गाडीत न्हाईच.”

संध्याकाळी अण्णांनी विचारलं तेव्हा गार्गी सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाली, “दोष सापडलाय. उद्या दुपारपर्यंत निघेल.” या पोरीबद्दल मला त्या क्षणी जे वाटलं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. पण दोष काढायचा कसा?

उजेड होता तोवर आधी सोपा उपाय. “नमस्कार करू नको,” गार्गी म्हणाली.

धैर्यशील गेला आणि पांढराफटक होऊन परत आला. “हात धरला मॅडम, पण पाय घाबरला. ब्रेक लई आधीच मारला.”

“परत जा.”

परत गेला. या वेळी ब्रेक वेळेवर मारला, आणि हात गेला. “म्या न्हाई पाठवला,” तो काकुळतीनं सांगायला लागला. “आपला आपणच गेला.”

“हात स्टिअरिंगला चिकटपट्टीनं बांधू या,” गार्गी म्हणाली.

हे ऐकून धैर्यशील दोन पावलं मागं सरला. “देवाच्या दारात हात बांधून जाऊ? चोरासारखा?”

मग गार्गीनंच आणखी एक युक्ती काढली. चहावाल्याकडून त्याची निळी ताडपत्री मागून आणली आणि वळणापलीकडच्या कुंपणाला अशी उभी बांधली, की पट्टीवरून घुमट दिसेना. मी मदत केली. धैर्यशीलला सांगितलं, आता पाटी बघून ब्रेक मार. तो गेला. पाटीशी ब्रेक लागला. गाडी सरकली.

“आता काय?” गार्गी ओरडली. “आता तर देव दिसत नव्हता!”

“दिसत नव्हता. पण हाय तिथंच न्हवं, मॅडम?”

मी हसलो नाही. ताडपत्री बांधून झाल्यावर मी स्वतःच तिला हात जोडले होते.

गार्गी जमिनीवर मांडी घालून बसली. “इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत,” ती म्हणाली, “हा धडा कोणी शिकवला नाही.”

“आमच्याकडं शिकवणारा आहे,” मी म्हणालो.

खडकेवाडीत तेव्हा सिद्धोबाचा सप्ताह चालू होता आणि रविवारी सकाळी काल्याचं कीर्तन निवृत्तीबुवांचं होतं. निवृत्तीबुवा म्हणजे काटकुळा माणूस, पण आवाज असा की मंडपाच्या शेवटच्या खांबाला टेकून झोपलेला म्हाताराही उठून बसावा. त्यांच्या कीर्तनाला मी कुठल्या कुठं जात असे. माणसाला रडवून हसवायचं आणि हसता हसता घरी काहीतरी देऊन पाठवायचं, हे त्यांनाच यायचं.

सकाळी आम्ही गेलो तेव्हा बुवा सरपंचांच्या ओसरीवर फेटा बांधत बसले होते. समोर चहा. मी पाया पडलो आणि सगळं सांगितलं. धैर्यशील मान खाली घालून उभा. गार्गी घड्याळाकडं बघत उभी.

“म्हणजे,” बुवा फेट्याचा पीळ घट्ट करत म्हणाले, “नमस्कार केला तर गाडी जाते.”

“होय, बुवा.”

“आणि नाही केला तर?”

“जीव जातो,” धैर्यशील म्हणाला.

“शर्यत कधी?”

“दुपारी.”

“मग कीर्तनाला बसा.”

“बुवा, उत्तर?” गार्गीनं विचारलं. “आम्हाला गाडी तयार करायचीय.”

बुवांनी तिच्याकडं पाहून कौतुकानं मान डोलावली. “बाळ, मला तरी कुठं ठाऊक आहे उत्तर? उभा राहिल्याशिवाय मला सुचत नाही. बसा.”

बसलो. गार्गी बायकांत बसली. बसल्या बसल्या कुणीतरी तिच्या मांडीवर एक तान्हं पोर ठेवलं आणि प्रसादाच्या तयारीला निघून गेलं. ते पोर तिच्या गळ्यातली ओळखपत्राची दोरी चघळत होतं आणि ती घड्याळ बघत होती. मृदंग सुरू झाला. अभंग झाला, निरूपण रंगत गेलं, गोकुळातल्या पोरांच्या खोड्या आल्या, लोक हसले, बायकांनी डोळे पुसले. आमच्या प्रश्नाचं नाव नाही. गार्गीनं माझ्याकडं दोनदा बघितलं. मी दोनदा नजर चुकवली.

मग बुवांनी गजर धरला. टाळ चढले, मृदंग धावायला लागला, सगळा मंडप टाळ्या पिटतोय, आणि एकदम बुवांनी हात वर केला. सगळं थांबलं.

“ड्रायव्हर, उभा राहा.”

धैर्यशीलला वाटलं, एसटीचा ड्रायव्हर बोलावतायत. मी त्याला कोपरानं ढोसलं. उभा राहिला.

“ब्रेक मारलास की काय होतं?”

“गाडी थांबते, बुवा.”

“ते आमच्या एसटीचंही होतं. कधीमधी. तुझं काय होतं?”

“पट्टा छातीत रुततो.”

“आणि मान?”

“मान जाते पुढं.”

“पुढं, का खाली?”

धैर्यशीलनं उभ्या उभ्याच मनात एक ब्रेक मारून बघितला. “खाली, बुवा. हनुवटी छातीला लागते. धरली तरी ऱ्हात न्हाई.”

“बरं.” बुवा बायकांकडं वळले. “इंजिनिअरबाई, तुम्ही सांगा. ब्रेक लागल्यावर गाडीचं काय होतं?”

गार्गी पोराला खांद्यावर घेऊन उभी राहिली. शेकडो माणसं तिच्याकडं बघतायत. “वजन पुढं येतं. मागचा भाग उचलतो. गाडीचं नाक खाली जातं.”

“किती खाली?”

“जितका जोरात ब्रेक, तितकं खाली.”

बुवांनी डोळे मिटले. मंडप गप्प. विणेकरीसुद्धा तार छेडायचा थांबला.

“ऐका, मंडळी,” बुवा अगदी हळू म्हणाले. “सिद्धोबाच्या समोर आला की हा ब्रेक मारतो. गाडी नाक टेकवते. गाडीत बसलेला हनुवटी छातीला लावतो. गाडीनं दंडवत घातला, ड्रायव्हरनं माथा झुकवला. आणि हा खुळा काय म्हणतो? म्हणतो, माझा नमस्कार राहिला!”

असा हशा पिकला की मंडपावरच्या चिमण्या उडाल्या.

“अरे लेका,” बुवा धैर्यशीलकडं बोट करून म्हणाले, “एवढा झुकून झाल्यावर वर आणखी हात कशाला? सिद्धोबाला एकदा पोचलं की पोचलं. तो काय मामलेदार आहे, दोनदा अर्ज करायला? आजपासून दोन्ही हात त्या चाकाचे. आणि ब्रेक मार असा, की आजवर कोणी मारला नसेल. उशिरा मार, जोरात मार. जितका जोरात, तितका मोठा नमस्कार. बोला!”

मृदंगावर थाप पडली आणि सगळा मंडप उठला. धैर्यशील जिथं उभा होता तिथंच रडत होता. गार्गी पोराला थोपटत होती. ती टाळ्या वाजवत नव्हती, पण पोराच्या पाठीवर तिचा हात ठेक्यात पडत होता, हे मी बघितलं.

काल्याची दहीहंडी फुटली. ओंजळीत लाह्या-दही घेऊन आम्ही पळत सुटलो.

माळावर वेदांत हेल्मेट मांडीवर घेऊन तयार बसला होता. अण्णा घड्याळ बघत होते. “चार फेऱ्या,” ते म्हणाले, “आणि मी वळणावर उभा राहणार आहे. ती ताडपत्री कोणाची? काढा ती.”

गार्गीनं मला बाजूला घेतलं. “पुढच्या स्प्रिंगा मी परत मऊ करते. नाक जाऊ दे खाली.”

“त्यानं फरक पडेल?”

“पुढच्या चाकांची पकड जरा वाढेल,” ती म्हणाली. मग पुढं म्हणाली, “आणि वाकताना अडचण नको.”

धैर्यशील बसला. मी त्याचे पट्टे आवळले. बोलण्यासारखं सगळं बुवांनी बोलून टाकलं होतं.

पहिल्या फेरीला तो संभाळून आला, दुसऱ्या फेरीलाही. तिसऱ्या फेरीला त्यानं पट्टीवर गाडी अशी सोडली, की अण्णा कुंपणापासून मागं सरकले. घुमट आला. मी डोळे मिटणार होतो, पण गार्गीनं मनगट धरलं. “बघा,” ती म्हणाली.

ब्रेक लागला. पिवळ्या गाडीचं नाक खाली गेलं, काचेआड धैर्यशीलचं हेल्मेट पुढं झुकलं, दोन्ही हात चाकावर, आणि गाडी सुतात धरल्यासारखी सरळ रेषेत मंदावली. बूड जागचं हललं नाही. एका थापेवर थांबलेला मृदंग! एकही टाळ सांडला नाही. चौथ्या फेरीलाही तसंच.

वेदांतनं हेल्मेट खाली ठेवलं, उभा राहून टाळ्या वाजवल्या, आणि चहा कुठं मिळेल असं विचारलं. मला त्या मुलाला मिठी मारावीशी वाटली.

“परशराम,” अण्णा म्हणाले, “कुठला पार्ट होता?”

मी गार्गीकडं बघितलं.

“नमस्कार, अण्णा,” ती म्हणाली. “चुकीच्या जागी बसवला होता. जागा बदलली.”

अण्णांनी एकदा गाडीकडं बघितलं. “चालतंय,” ते म्हणाले आणि निघून गेले. फाउंड्रीवाला माणूस, काम झालं की तो जास्त विचारत नाही.

शर्यत सुरू झाली तोवर खडकेवाडीतली निम्मी मंडळी कुंपणाला येऊन लागली होती. बुवांनी कीर्तनात आणलेली गाडी बघायची होती सगळ्यांना. माझ्या शेजारी एक म्हातारी उभी होती. डोक्यावर पदर, कपाळावर आडवा भंडारा, हातात काल्याचा द्रोण. फेरीमागून फेरी ती बारकाईनं बघत होती.

“समद्याच गाड्या हितं आल्या की नाक खाली घालत्यात,” ती म्हणाली. “का वं?”

मी सरसावलो. “आजी, त्याचं असं आहे, ब्रेक लागला की गाडीचं वजन मागनं पुढं येतं. त्यामुळं—”

“तिथं सिद्धोबा आहे ना, आजी,” गार्गी मधेच म्हणाली. “म्हणून.”

म्हातारीला ते लगेच पटलं. तिनं टेकडीकडं बघून हात जोडले. गाड्या परत आल्या. एकामागून एक, लाल, पांढरी, हिरवी, सगळ्यांची नाकं खाली, काचांआड सगळी हेल्मेटं झुकलेली. कुठल्या कुठल्या गावची पोरं, कुणाचा देव कोण ठाऊक नाही, पण त्या वळणावर येऊन सगळी एकाच माथ्यानं वाकत होती.

“ती निळी तेवढी लई मोजून वाकत्या,” म्हातारी म्हणाली. “सांगा की तिला कुणीतरी.”

निळी गाडी म्हणजे नेमकी धैर्यशीलच्या पुढं धावणारी. गार्गीनं झटकन दुर्बीण लावली. एक फेरी बघितली. “मामा,” ती हळूच म्हणाली, “आजी बरोबर सांगतायत. निळी फार लवकर ब्रेक मारते, आणि हलका.” तिनं हातातल्या वॉकी-टॉकीचं बटण दाबलं. “धैर्यशील, तुझ्या पुढची निळी सिद्धोबाला नीट वाकत नाही. कळलं?”

खरखर झाली. “कळलं, मॅडम.”

पुढच्या फेरीला दोघं एकापाठोपाठ पट्टीवर आले. घुमट आला. निळीचं नाक जरासं झुकलं, आमची तशीच येत राहिली, येत राहिली, इतकी की गार्गीनं माझा दंड आवळला. मग पिवळीनं नाक असं जमिनीला लावलं की आता ती माती कपाळाला लावून घेते की काय, आणि दोरीसारखी सरळ राहून ती निळीच्या कडेनं आत शिरली आणि पुढं निघून गेली.

कुंपणाला नुसता जल्लोष झाला. म्हातारीनं द्रोणातली उरलेली लाही तोंडात टाकली.

“ह्ये पोरगं,” ती चावता चावता म्हणाली, “चांगल्या घरचं दिसतंय.”